लघवी, डोळा आणि दंडाचा पट्टा: गरोदरपणातल्या धूसर दिसण्याचा इतिहास

संशोधनाची तयारी करणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, आजचा प्रश्न घरातलाच आहे.

माझी वहिनी चाकणच्या एका कंपनीत सुटे भाग तपासते. आठव्या महिन्यात तिला बारीक चरे दिसेनात. घरचे म्हणाले, "नंबर वाढला असेल." तसं होतंही. गरोदरपणात अंगात पाणी साठतं, कॉर्निया किंचित जाड होतो, नंबर हलतो आणि बाळंतपणानंतर बहुतेक वेळा पूर्ववत होतो. पण वहिनीचं डोकंही ठणकत होतं. बीपी मोजलं, तर वाढलेलं!

हा संबंध कळला कसा? तारखा ओळीने लावून बघा. १८४३ मध्ये लंडनच्या गाईज हॉस्पिटलात जॉन लिव्हर यांना झटके येणाऱ्या गरोदर बायकांच्या लघवीत अल्ब्युमिन सापडलं. १८५१ मध्ये हेल्महोल्ट्झ यांचा ऑफ्थॅल्मोस्कोप आला आणि जिवंत माणसाच्या डोळ्याचा पडदा दिसू लागला. रिव्हा-रोची यांचा रक्तदाब मोजायचा पट्टा मात्र १८९६ चा. मधली ४५ वर्षं डॉक्टरांना सुजलेला पडदा दिसायचा, लघवी तपासता यायची. दाब मोजायची सोपी सोय नव्हती. म्हणून नाव पडलं 'अल्ब्युमिन्युरिक रेटिनायटिस' आणि बोट गेलं मूत्रपिंडाकडे. हातात जे साधन, तसं स्पष्टीकरण.

आता आपल्याकडे या. मुंबईत देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने १९९८-९९ मध्ये राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची दुसरी फेरी घेतली. गरोदरपणात धूसर दिसलं का, रातांधळेपणा आला का, सूज किंवा झटके आले का, हे बायकांनाच विचारलं. इथे प्रश्न हेच साधन. घरोघरी नेता येणारं, स्वस्त. पण त्यालाही मर्यादा आहे: उत्तर देते ती वाचलेली बाई. झटक्यात दगावलेली या आकड्यांत नाहीच. तुमचा विषय कुठलाही असो, 'माझ्या नमुन्यात कोण येऊच शकत नाही?' हे आधी लिहून काढा.

वहिनी वेळेत दाखल झाली. आई आणि बाळ दोघंही ठीक आहेत. तुमच्या घरात कुणी गरोदर बाई "धूसर दिसतंय", "डोळ्यांपुढे चमकतंय" म्हणाली, तर चष्म्याचं दुकान नंतर. आधी त्याच दिवशी दवाखान्यात बीपी आणि लघवी तपासून घ्या.