जठराम्ल आणि स्वादुपिंडाची शस्त्रक्रिया

जेवणानंतर आंबट ढेंकर आली कीं आपण सहज म्हणतों, "पित्त झालें!" आयुर्वेदांतील पित्ताची कल्पना फार व्यापक आहे, तिचा विचार आज कर्तव्य नाहीं. परंतु यकृतांतून आंतड्यांत उतरणारा जो पित्तरस, तो अम्ल नव्हे. तो व स्वादुपिंडाचा रस हे दोन्ही क्षारधर्मी असून जठरांतून येणाऱ्या तीव्र अम्लाचें शमन करितात. या शेजाऱ्यांचें महत्त्व शस्त्रवैद्यांच्या ध्यानांत कसकसें येत गेलें, तीच हकीकत आज सांगावयाची आहे.

जठरांतील अम्ल हें हायड्रोक्लोरिक अम्ल होय, असें विल्यम प्राउट या इंग्रज वैद्यानें १८२४ सालीं प्रसिद्ध केलें. मग अशा दाहक द्रव्यानें पुढचें आंतडें जळत कां नाहीं? लंडन येथें बेलिस व स्टार्लिंग यांनीं १९०२ सालीं या प्रश्नावर प्रकाश पाडला. लहान आंतड्याच्या आरंभीच्या भागास ग्रहणी म्हणतात. तींत अम्ल शिरतांच सीक्रेटिन नांवाचें द्रव्य रक्तांत मिसळतें, व त्याचा निरोप पोंचतांच स्वादुपिंड आपला क्षारयुक्त रस सोडतें.

हा रस मिळाला नाहीं तर काय होतें, हें १९२३ सालीं अमेरिकेंतील मेयो क्लिनिकच्या मॅन व विल्यमसन यांनीं कुत्र्यांवर प्रयोग करून दाखविलें. त्यांनीं पित्त व स्वादुपिंडाचा रस आंतड्याच्या खालच्या टोंकाकडे वळविला, आणि जठर ग्रहणीच्या पुढल्या आंतड्यास जोडलें. त्या भागास अम्ल सोसण्याची संवय नसते. बहुतेक कुत्र्यांना जोडाच्या पलीकडे व्रण झाले.

इकडे मनुष्यांवरील शस्त्रक्रियाही पुढें सरकत होती. स्वादुपिंडाच्या शीर्षाचा कर्करोग काढावयाचा तर त्यास बिलगलेली ग्रहणीही काढावी लागते. इटलींत कोडिव्हिला यांनीं १८९८ सालीं व बर्लिनमध्यें कौश यांनीं १९०९ सालीं तसे प्रयत्न केले. न्यूयॉर्कच्या अ‍ॅलन व्हिपल यांनीं १९३५ सालीं आपली पद्धति प्रसिद्ध केली, व तीस त्यांचेंच नांव पडलें. प्रथम ते उरलेल्या स्वादुपिंडाचें तोंड बांधून टाकीत; अर्थातच त्याचा रस आंतड्यास मिळेना. पुढें शस्त्रवैद्य तें तोंड आंतड्यास जोडूं लागले. शिवाय स्वादुपिंड व पित्तनलिका यांचे जोड वर आणि जठराचा जोड खालीं, असा क्रम रूढ झाला. त्यामुळें क्षाररस वरून वाहत येऊन अम्लास जोडापाशींच गांठतो. अम्ल कमी व्हावें म्हणून जठराचा खालचा भागही कापीत असत. १९७८ सालीं ट्रॅव्हर्सो व लाँगमायर यांनीं जठराचें द्वार राखून हीच क्रिया करण्याची पद्धति मांडली.

तरीही व्रणाचें भय संपलें नाहीं, कारण कांहीं रोग्यांत उरलेल्या स्वादुपिंडाचा रस अपुरा पडतो. तेथें औषधिशास्त्र साह्यास आलें. जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनांतून निघालेलें सिमेटिडीन १९७६ सालीं ब्रिटनमध्यें विक्रीस आलें. १९८८ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. त्यानंतर जठराची अम्लनिर्मितीच रोखणारें ओमेप्रॅझोल आलें. अशा औषधांचा दुसराही एक उपयोग आहे. स्निग्ध पदार्थ पचविणारें स्वादुपिंडाचें पाचकद्रव्य अम्लानें नष्ट होतें. म्हणून तें कॅप्सुलांतून देतांना त्यावर अम्लास न विरघळणारें आवरण घालतात, आणि तेवढ्यानें भागलें नाहीं तर अम्लशामक औषधाची जोड देतात.

ज्यांच्या घरीं असा रोगी असेल त्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें. बरें वाटूं लागलें म्हणून अम्लाचें औषध आपल्या मनानें सोडूं नये. तें किती दिवस घ्यावें हें वैद्यानें ठरवावयाचें. धूम्रपान वर्ज्य करावें, व ॲस्पिरिनसारख्या वेदनाशामक गोळ्या विचारल्यावांचून घेऊं नयेत, कारण दोहोंनींही जोडावरील व्रण बळावतो. शौचास डांबरासारखें काळें झालें किंवा वांतींत रक्त दिसलें तर घरगुती उपायांत वेळ न दवडतां तत्काळ रुग्णालय गांठावें. कर्करोगाच्या एवढ्या मोठ्या शस्त्रक्रियेंतून वांचलेला मनुष्य एका लहानशा व्रणामुळें दगावूं नये, यासाठींच ही दक्षता.