उन्हातली चादर

गोरेगावच्या चित्रनगरीला २००१ साली दादासाहेब फाळक्यांचे नाव देण्यात आले, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी या धंद्यापायी काय सोसले, हे किती जणांना ठाऊक असेल?

‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमात लागला. चित्रण झाले होते मुख्यतः दादरला, सूर्याच्या भरवशावर. आता सूर्य हा मोठा लहरी सोबती! सकाळी एका गालावर असलेली सावली दुपारी भुवयांखाली दडते आणि सायंकाळी दुसऱ्या गालावर जाऊन बसते. राजाने वळून पाहिले ते नऊ वाजता टिपलेले, राणीने मान खाली घातली ती चार वाजता. पडद्यावर मात्र दोन्ही एकाच क्षणी घडायचे!

यावर उपाय म्हणजे पांढरी चादर. तिच्यावर पडलेले ऊन परतवून चेहऱ्यावरची सावली उजळायची. सरस्वतीबाई अशी चादर धरून तासन् तास उन्हात उभ्या राहत. शिवाय कच्च्या फिल्मला भोके पाडणे, ती धुणे आणि साठसत्तर माणसांचा स्वयंपाक! दागिने तर आधीच गहाण पडलेले. चित्रपटाच्या इतिहासात हे सारे एका ओळीत उरकले जाते, याचा मला राग येतो.

गोरेगावात १९४३ साली फिल्मिस्तान निघाली, १९७७ साली सरकारी चित्रनगरी झाली. चादरीच्या जागी चंदेरी पन्नीच्या फळ्या आल्या. युक्ती तीच राहिली. सूर्य नटाच्या पाठीशी ठेवायचा आणि चेहरा फळीने उजळायचा. लांबची दृश्ये सकाळी उरकायची. भर दुपारी डोक्यावर पांढरे कापड ताणून जवळचे चेहरे टिपायचे. मुंबईत मेच्या मध्याला आणि जुलैअखेरीस सूर्य ऐन माथ्यावर येतो, तेव्हा कापडाखेरीज डोळ्यांच्या खोबणी काळ्याच दिसतात. मध्येच ढग आला, की छायालेखक काळ्या काचेतून आकाश न्याहाळतो आणि सारा ताफा चहा पीत बसतो.

सुब्रत मित्रांनी ‘अपराजितो’च्या वेळी, १९५६ साली, उलटाच खेळ केला: काशीच्या अंगणातला शांत उजेड त्यांनी ताणलेल्या कापडाच्या आधाराने स्टुडिओत उतरवला.

आज रंगातला फरक यंत्रावर मागाहून पुष्कळसा सुधारता येतो; सावलीची दिशा बदलणे मात्र अजून कठीणच. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, आणि फळी धरणारा कामगार त्याच्यामागोमाग ती वळवीत राहतो.