पानानुसार मेन्यू कसा बदलायचा? ‘जुमला’ वापरणाऱ्यांसाठी माहिती

सीमाभागातल्या वाचनालयाची, पतसंस्थेची किंवा शाळेची वेबसाइट एका भाषेत भागत नाही. मराठी, कन्नड, इंग्रजी अशी तिन्ही पानं ठेवावी लागतात. मजकूर कोणीतरी लिहून देतं. अडतं ते मेन्यूपाशी.

आमच्या भागातल्या एका वाचनालयात हेच झालं. वार्षिक सभेची सूचना साइटवर मराठीत होती, पण त्या पानावरचा मेन्यू इंग्रजी. एक ज्येष्ठ सभासद सूचना वाचून विषयपत्रिका शोधायला गेले आणि इंग्रजी पानांतच फिरत राहिले. शेवटी ‘मराठीत काही टाकलंच नाही’ अशी तक्रार घेऊन आले. मजकूर होता, पण तिथवर जायची वाट नव्हती. ही साइट ‘जुमला’वर बनवलेली आहे, म्हणून त्याचंच उदाहरण घेऊ.

जुमला म्हणजे काय?

वेबसाइट चालवण्याची ही मोफत, मुक्त स्रोत प्रणाली. २००५ मध्ये ‘मॅम्बो’ या प्रणालीपासून ती वेगळी झाली. नाव स्वाहिली भाषेतलं, अर्थ ‘सगळे मिळून’. शब्दाचं मूळ अरबी. आपल्या जुन्या हिशेबात एकूण बेरजेला ‘जुमला’ म्हणत, तो हाच शब्द. नावाप्रमाणेच इथलं पान म्हणजे सुट्या भागांची बेरीज असते. मुख्य मजकूर मध्ये, आणि भोवती मेन्यू, शोधपेटी, लॉगिन असे छोटे भाग. या भागांना मॉड्यूल म्हणतात.

तीन गोष्टी वेगळ्या ओळखा

१. मेन्यू : दुव्यांची यादी.
२. मेन्यू आयटम : त्या यादीतली एक ओळ. कोणतं पान उघडायचं ते ती सांगते.
३. मेन्यू मॉड्यूल : ती यादी पानावर ठरावीक जागी दाखवणारा चौकोन.

यादी केली, पण मॉड्यूल लावलं नाही, तर वाचकाला काहीच दिसत नाही. उलट एकच यादी दोन मॉड्यूलमधून दोन ठिकाणी दाखवता येते. वरच्या पट्टीत फक्त मुख्य विभाग आणि बाजूला त्या विभागातले पोटविभाग हवे असतील, तर दुसऱ्या मॉड्यूलमध्ये ‘स्टार्ट लेव्हल’ २ ठेवा.

कोणत्या पानावर कोणता मेन्यू?

जुमला ४ पासून ‘कंटेंट’मध्ये ‘साइट मॉड्यूल्स’ आहे. तिथे आपलं मेन्यू मॉड्यूल उघडून ‘मेन्यू असाइनमेंट’ या भागात जा. चार पर्याय मिळतात: सर्व पानांवर, कोणत्याच पानावर नाही, फक्त निवडलेल्या पानांवर, निवडलेली सोडून बाकी सर्व पानांवर.

मराठी मेन्यूला ‘फक्त निवडलेल्या’ हा पर्याय देऊन मराठी पानांवर खूण करा. कन्नड आणि इंग्रजीसाठी तसंच. पण एक लक्षात ठेवा: नंतर नवा आयटम जोडला तर या पर्यायात त्याच्यावर आपोआप खूण होत नाही. ती आठवणीने करावी लागते. ‘निवडलेली सोडून’ या पर्यायात नेमकं उलट होतं, नव्या पानावर मेन्यू आपोआप दिसू लागतो.

खरी गोम इथे आहे

आपण पान म्हणतो ते लेखाला. या जोडणीच्या दृष्टीने जुमलाचं पान म्हणजे मेन्यू आयटम. लेखाला स्वतःचा आयटम नसेल तर जुमला त्याच्या वर्गवारीचा आयटम शोधतं. तोही नसेल तर वाचक ज्या पानावरून आला त्याचा किंवा मुखपृष्ठाचा आयटम धरला जातो, आणि मेन्यूही त्याचाच दिसतो. वाचनालयाच्या सूचनेला आयटम नव्हता. मुखपृष्ठ इंग्रजी, म्हणून मेन्यू इंग्रजी.

उपाय सोपा निघाला. ‘मराठी सूचना’ अशी वर्गवारी केली, मराठी मेन्यूत तिचा एक आयटम जोडला आणि असाइनमेंटमध्ये त्यावर खूण केली. आता त्या वर्गवारीत टाकलेली प्रत्येक सूचना मराठी मेन्यूसह उघडते. दर वेळी वेगळं काही करावं लागत नाही.

एखाद्या पानाला आयटम हवा, पण यादीत दिसायला नको, असंही असतं. त्यासाठी वेगळा मेन्यू करून त्याचं मॉड्यूल लावायचंच नाही. आतले आयटम मात्र चालू ठेवायचे.

लपवणं म्हणजे कुलूप नव्हे

मेन्यूतून दुवा काढला म्हणून पान बंद होत नाही. पत्ता माहीत असलेला कोणीही ते उघडू शकतो. सभासदांपुरता ताळेबंद असेल तर त्या लेखालाच ‘ॲक्सेस’मध्ये ‘रजिस्टर्ड’ करा. ताळेबंदाची फाइल थेट अपलोड केली असेल, तर तिला हे कुलूप लागत नाही.

शेवटी तपासून बघा

लॉगिन न करता, साध्या मोबाइलवर प्रत्येक भाषेतलं एक आतलं पान उघडा. तिथून मुखपृष्ठावर आणि दुसऱ्या भाषेत जाता येतंय का, ते पाहा. दुसऱ्या भाषेचा दुवा तिन्ही मेन्यूंत हवाच, आणि तो त्या भाषेच्या लिपीत लिहा. ‘मराठी’ हा शब्द रोमन लिपीत शोधायची वेळ आपल्या आजी-आजोबांवर येऊ नये.