फुटबॉल खेळण्याची खरी रीत कोणाची?

फुटबॉल कसा खेळावा, याविषयी अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांतून बराच वाद ऐकू येतो. ज्यांचे तारुण्य मुंबईत गेले, कुपरेजच्या मैदानावर रोव्हर्स चषकाचे सामने ज्यांनी उभे राहून पाहिले, ते आजोबा येथल्या नातवंडांचा खेळ पाहून नाक मुरडतात. ही मुले नुसती धावतात, चेंडू पायाशी खेळविणे यांना कोणी शिकविलेच नाही, असे त्यांचे म्हणणे. नातवंडांचे उत्तर तयार असते: आजोबा, तुमचा खेळ फार संथ! खेळाच्या नावावरूनही खटका उडतो. ‘सॉकर’ हा शब्द अमेरिकनांनी काढला, अशी पुष्कळांची समजूत आहे. वस्तुतः तो इंग्लंडातील विद्यार्थ्यांनी ‘असोसिएशन’ या शब्दाचे लाडके रूप म्हणून एकोणिसाव्या शतकात रूढ केला, आणि पुढे इंग्रज स्वतःच तो विसरले.

आम्हांला हा वाद पोरकट वाटत नाही. फुटबॉल खेळण्याची एकच खरी रीत आहे काय, आणि असल्यास ती कोणाची, हा प्रश्न अमेरिकेत गेली शंभर वर्षे पुनःपुन्हा उपस्थित झाला आहे. आणि त्या इतिहासातील एक प्रकरण तर आपणा यहुदी वाचकांच्या विशेष जिव्हाळ्याचे आहे.

दि. १ मे १९२६ रोजी न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्स या मैदानावर सुमारे ४६,००० लोक जमले होते. मैदान बेसबॉलचे, परंतु त्या दिवशी पाहुणा होता व्हिएन्नाचा हाकोआह हा फुटबॉल संघ. प्रेक्षकांत यहुदी स्थलांतरितांचा भरणा मोठा होता. अमेरिकेत फुटबॉलच्या सामन्याला एवढी गर्दी त्यापूर्वी झाली नव्हती आणि पुढे अनेक वर्षे झाली नाही. याच दौऱ्यात राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी या खेळाडूंचे स्वागत केले. येथे एक गोष्ट लक्षात ठेविली पाहिजे. अवघ्या दोनच वर्षांपूर्वी, १९२४ च्या कायद्याने, पूर्व युरोपातील यहुद्यांना अमेरिकेचे दार जवळजवळ मिटले होते. आपणां हिंदी लोकांना तर ते १९१७ पासूनच बंद होते व नीट उघडले ते १९६५ च्या कायद्यानंतर. जे प्रेक्षक टाळ्या वाजवीत होते, त्यांच्यापैकी कित्येकांची भावंडे पलीकडे अडकून राहिली होती.

हाकोआह या इब्री शब्दाचा अर्थ ‘बळ’. हा क्लब १९०९ साली स्थापन झाला. यहुदी माणूस म्हणजे पुस्तकात डोके खुपसलेला दुबळा प्राणी, या कुचेष्टेला मॅक्स नॉर्दाउ यांनी १८९८ च्या बाझेल येथील परिषदेत बलवान देहाच्या आवाहनाने उत्तर दिले होते. त्या विचारातून ज्या अनेक संस्था निघाल्या, त्यांतील ही एक. पोहणे, कुस्ती, हॉकी असे कितीतरी खेळ तेथे चालत. फुटबॉलच्या सामन्यांत शिवीगाळ व मारहाण होई, तेव्हा क्लबचे कुस्तीगीर खेळाडूंच्या रक्षणार्थ बरोबर जात. १९२३ साली या संघाने लंडनमध्ये वेस्ट हॅम संघाचा ५-० असा पराभव केला. त्या वर्षीच्या इंग्लिश चषकाच्या अंतिम फेरीत पोहोचलेला हा संघ. मात्र त्या दिवशी त्याने बरेचसे राखीव खेळाडू उतरविले होते, हेही सांगितले पाहिजे. १९२५ साली हाकोआह ऑस्ट्रियाचा विजेता ठरला. निर्णायक सामन्यात गोलरक्षक अलेक्झांडर फाबियान याचा हात मोडला. बदली खेळाडूची सोय त्या काळी नव्हती. हात झोळीत बांधून तो आघाडीवर उभा राहिला आणि विजयाचा गोल त्यानेच केला.

‘बळ’ असे नाव असलेला हा संघ खेळत मात्र बळाने नव्हता, चेंडू जमिनीलगत ठेवून, आखूड पास देत, अंगाला अंग न भिडविता पुढे सरकण्याने. हीच व्हिएन्नाची प्रसिद्ध रीत. कॉफीगृहांत बसून त्या शहरातील लोक तिची चर्चा एखाद्या नाटकाची करावी तशी करीत आणि इंग्रजांचा उंच फटक्यांचा, धक्काबुक्कीचा खेळ आडदांड समजत.

परंतु ही रीत व्हिएन्नाची होती काय? १८७२ साली ग्लासगो येथे स्कॉटलंड व इंग्लंड यांचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला. इंग्रज अंगाने थोराड; एकट्याने चेंडू घेऊन मुसंडी मारावी, ही त्यांची पद्धत. स्कॉटिश खेळाडूंनी चेंडू एकमेकांकडे सोपवीत त्यांना थोपविले. सामना ०-० असा सुटला, आणि दुबळ्यांची ती युक्ती पुढे एक शास्त्र बनून बसली. तेच शास्त्र लँकेशायरमधील जिमी हॉगन याने १९१२ साली व्हिएन्नास नेले. त्याला बोलावणारा ह्यूगो माइस्ल हा यहुदी घराण्यातला. महायुद्ध सुरू होताच हॉगन शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून अडकून पडला, आणि बुडापेस्टच्या एमटीके क्लबाने त्याला आपल्याकडे ठेवून घेतले. त्याची शिकवण मुरलेल्या त्या क्लबातून बेला गुटमन नावाचा मध्यरक्षक पुढे हाकोआहमध्ये आला. सारांश, हाकोआहच्या अभिमानाची रीत स्कॉटलंडची. ती आणली एका इंग्रजाने. आणि ती खेळणारे अर्धे गडी हंगेरीहून वेतन देऊन आणलेले.

आणि पोलो ग्राउंड्सवर समोर कोण उभे होते? अमेरिकन सॉकर लीगमधील निवडक खेळाडूंचा संघ. या लीगमध्ये स्कॉटिश व इंग्रज कारागिरांचाच भरणा. न्यू जर्सीतील कर्नी येथे सुताच्या गिरणीबरोबर स्कॉटिश माणसे आली आणि त्यांच्याबरोबर फुटबॉल आला. पेनसिल्व्हेनियातील बेथलेहेम स्टील या कारखान्याच्या संघात स्कॉटलंडचे खेळाडू नोकरीस ठेवीत. त्यांच्या आर्ची स्टार्कने १९२४-२५ च्या एका मोसमात लीगचे ६७ गोल केले. फॉल रिव्हर या मॅसॅच्युसेट्समधील गिरणगावच्या संघाची गोष्ट तर मौजेची आहे. त्या राज्यात रविवारच्या खेळांवर निर्बंध होते, म्हणून मालक सॅम मार्क यांनी आपले मैदान राज्याची हद्द ओलांडून शेजारच्या ऱ्होड आयलंडमध्ये बांधले! गिरणीतल्या माणसाला सुट्टी रविवारचीच; मुंबईच्या गिरणगावात वाढलेल्यांना हे वेगळे समजावून सांगावयास नको.

म्हणजे त्या दिवशी एकाच गुरूचे दोन शिष्य एकमेकांसमोर होते. एकाने विद्या व्हिएन्नामार्गे आणली, दुसऱ्याने ग्लासगोहून थेट. हाकोआहचा ३-० असा पराभव झाला. शिवाय १९२५ सालीच ऑफसाइडचा नियम बदलला होता. आघाडीच्या खेळाडूपुढे प्रतिपक्षाचे तीन गडी असण्याची अट दोनवर आली, आणि सावकाश विणत जाणाऱ्या खेळापेक्षा वेगाने मुसंडी मारणाऱ्यास अधिक फळ मिळू लागले. आमच्या मते येथेच या वादाची मेख आहे. रीत खरी की खोटी, हे पुष्कळदा नियम बनविणारे ठरवितात. खेळणाऱ्यांना त्याचा पत्ता मागाहून लागतो.

पराभव होऊनही हाकोआहच्या खेळाडूंना अमेरिका भावली. व्हिएन्नात शिव्या आणि तुटपुंजे वेतन. येथे डॉलर, आणि यहुदी म्हणून मैदानावर कोणी चालून येत नव्हते. त्यांच्यापैकी अनेक जण न्यूयॉर्क व ब्रुकलिनच्या क्लबांतून खेळू लागले, गुटमनही राहिला. मायदेशी संघ खिळखिळा झाला, याचे व्हिएन्नाच्या चाहत्यांस वाईट वाटले असल्यास नवल नाही. परंतु घर सोडून आलेल्या आम्ही तरी त्या खेळाडूंना कोणत्या तोंडाने दोष द्यावा? त्यांनी न्यूयॉर्क हाकोआह नावाचा संघ उभारला व १९२९ साली सेंट लुइसच्या मॅडिसन केनेल्सला हरवून अमेरिकेचा राष्ट्रीय चषक जिंकला. पण तोवर त्यांचा खेळ व्हिएन्नाचा उरला नव्हता. स्कॉटिश प्रतिस्पर्ध्यांशी दर आठवड्यास गाठ पडताच त्यांच्याही अंगी राकटपणा येणारच. त्याच वर्षी शेअर बाजार कोसळला, गुटमनची पुंजी गेली, आणि काही वर्षांत ती लीगही बुडाली.

मागे राहिले त्यांचे काय झाले? मार्च १९३८ मध्ये जर्मनांनी ऑस्ट्रिया गिळंकृत करताच हाकोआह बरखास्त झाला, त्याचे मैदान हिरावले गेले, त्याचे निकाल रद्द ठरले. संघनायक माक्स शॉयर आउश्वित्स येथे मारला गेला. क्लबच्या संस्थापकांपैकी फ्रिट्झ लोनर-बेडा हे संगीतिकांचे नामवंत लेखक. त्यांचा अंतही १९४२ साली त्याच छावणीच्या परिसरात झाला. या क्लबला प्राटर उद्यानात पुन्हा स्वतःचे क्रीडासंकुल मिळावयास २००८ साल उजाडावे लागले. ज्यांनी न्यूयॉर्कला राहून आपली रीत गमावली, त्यांनी प्राण मात्र राखले. गुटमन युरोपास परतला होता. तो सक्तीच्या श्रमछावणीतून निसटून कसाबसा वाचला.

पुढे हाच गुटमन १९५७ साली ब्राझीलच्या साओ पाउलो क्लबचा प्रशिक्षक झाला व त्याने त्या वर्षीचे राज्य विजेतेपद मिळवून दिले. चार बचावपटू, दोन मध्यरक्षक, चार आघाडीवीर ही मांडणी ब्राझीलमध्ये रुजविण्यात त्याचा वाटा होता. सारे श्रेय त्याला देणे अतिशयोक्तीचे होईल, कारण तसे प्रयोग तेथे आधीच चालू होते. १९५८ साली त्या मांडणीने ब्राझीलने विश्वचषक जिंकला. प्रशिक्षक व्हिसेंते फिओला हे साओ पाउलो क्लबचेच. त्या संघातला सतरा वर्षांचा पोर पेले १९७५ साली कॉसमॉस क्लबकडून खेळावयास न्यूयॉर्कला आला. व्हिएन्नाहून निघालेली रीत अर्धशतकानंतर अशा आडवाटेने पुन्हा त्याच शहरी पोहोचली.

पण अमेरिकेत तोवर नियमांचेच वेगळे प्रयोग चालले होते. नॉर्थ अमेरिकन सॉकर लीगने ऑफसाइडची रेषा गोलपासून ३५ यार्डांवर आणली; बरोबरी फोडण्यासाठी एकेका खेळाडूने दुरून धावत येऊन गोलरक्षकास चकविण्याची पद्धत काढली; प्रत्येक गोलाला वाढीव गुण ठेविले. युरोपीय पंडितांनी ही थट्टा चालविली आहे म्हणून आरडाओरड केली. आम्हांला ती अन्यायाची वाटते. गोल वाढावेत म्हणून नियम बदलणे हेच तर १९२५ साली इंग्रजांनी केले होते! ती लीग १९८४ च्या मोसमानंतर संपली, ती मुख्यतः बेसुमार खर्चामुळे.

याच कॉसमॉसने २४ सप्टेंबर १९७७ रोजी कलकत्त्यास ईडन गार्डन्सवर मोहन बागानशी सामना खेळला. मैदान पावसाने चिखलमय. सामना २-२ असा बरोबरीत सुटला. ज्या मोहन बागानने १९११ साली अनवाणी पायांनी गोऱ्या पलटणीस हरविले, त्याचा हा संघ आता बूट घालून खेळत होता. अनवाणी खेळणे ही आपली खरी रीत, असे मानणारे हिंदुस्थानात पुष्कळ होते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये बहुतेक अनवाणी गड्यांनी फ्रान्सला झुंजविले व १-२ असे निसटते हरले, तेव्हा त्यांचे कौतुक झाले; १९५२ साली हेलसिंकीस युगोस्लाव्हियाने १०-१ अशी धूळ चारली, तेव्हा बूट सक्तीचे झाले. आणि कुपरेजवर ज्या हैदराबाद पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी लागोपाठ पाच वर्षे रोव्हर्स चषक नेला, ज्याच्या आठवणीने आजही वृद्धांचे डोळे चमकतात, त्याचे प्रशिक्षक रहीमसाहेब आखूड पासांचे भोक्ते. आजोबांना जी रीत ‘मुंबईची’ वाटते, तीही अशी फिरत फिरत आलेली.

अमेरिकेची म्हणून काही रीत आहे काय? आमच्या मते आहे, आणि ती मुलींनी घडविली. १९७२ च्या कायद्याने सरकारी साहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत मुलामुलींत भेद करण्यास बंदी झाली आणि महाविद्यालयांतून मुलींचे संघ निघाले. नॉर्थ कॅरोलायनाचे अँसन डोरन्स यांनी मुलींना थांबावयास नव्हे, तर प्रतिपक्षावर तुटून पडावयास शिकविले: दम, वेग, एकास एक झुंज. ही कोणा स्थलांतरिताची शिदोरी नव्हती. त्यांच्याच संघाने १९९१ साली स्त्रियांचा पहिला विश्वचषक जिंकला. १९९९ साली पॅसाडेनाच्या रोझ बोलमध्ये ९०,१८५ प्रेक्षकांसमोर चीनला पेनल्टींवर हरवून त्यांनी तो पुन्हा जिंकला. मग २०१५ आणि २०१९ मध्येही. ही नुसती ताकद आहे, कसब नाही, अशी टीका त्यांच्यावर सतत झाली. हाकोआहने इंग्रजांवर केलेलीच ही टीका.

२०२३ साली टीकाकारांना संधी मिळाली. अमेरिका विश्वचषकाच्या उपउपांत्य फेरीच्या आधीच, स्वीडनकडून पेनल्टींवर, बाद झाली, आणि चेंडू पायाशी राखून खेळणाऱ्या स्पेनने चषक नेला. मग अमेरिकेने एमा हेज या प्रशिक्षिकेस बोलाविले. त्या लंडनच्या, इंग्रज क्लबात नावारूपास आलेल्या. १० ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात त्यांच्या संघाने ब्राझीलला १-० असे हरवून सुवर्णपदक मिळविले. त्या सामन्यात पूर्वार्धात वरचष्मा ब्राझीलचा होता, असे पाहणाऱ्यांपैकी पुष्कळांचे मत पडले.