आरसी बुकातला एक आकडा

दिवाळीत शिरपूरला घरी गेलो होतो. चुलतभाऊ म्हणाला, "दादा, पिकअपला मागे दोन पाटे वाढवतो. सेंधव्याहून ढेप आणताना गाडी फार बसते. नाहीतर मागे ट्रॉलीच जोडू?" पासिंग १७ क्विंटलची, आणि हा भरतो ५० किलोची ५० पोती. म्हणजे २५ क्विंटल. मी पडलो सॉफ्टवेअरवाला, पाट्यांतलं मला काही कळत नाही. पण हा पासिंगचा आकडा आला कुठून, हे शोधत बसलो. आजचा भाग त्यावरच.

१९३९च्या मोटार वाहन कायद्यात याला 'रजिस्टर्ड लेडन वेट' म्हणायचे. १९८८च्या कायद्यात ते 'ग्रॉस व्हेइकल वेट' झालं. गाडी, माल, माणसं, सगळं धरून एकूण वजन. ते आरसीवर लिहिलेलं असतं.

सरकारला वजनाची काळजी का? पहिलं कारण रस्ता. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवून मोजमाप केलं गेलं. निष्कर्ष असा, की रस्त्याचं नुकसान एक्सलवरच्या वजनाच्या साधारण चौथ्या घाताने वाढतं. एक्सलवरचं वजन दुप्पट, तर नुकसान सोळापट!

आपल्याकडे १९९६च्या अधिसूचनेत चार टायरच्या एका एक्सलला १०.२ टन मर्यादा होती, आणि दोन एक्सलच्या ट्रकला एकूण १६.२ टन. पण दंड भरला की पुढे जायचं, अशी रीतच पडली. काही राज्यांनी तर आधीच पैसे घेऊन जादा माल नेऊ देणारी कार्डं काढली. २००५ साली परमजित भसीन खटल्यात सुप्रीम कोर्टाने हे बेकायदा ठरवलं. दंड भरला म्हणजे जादा माल पुढे न्यायचा परवाना मिळत नाही, तो माल उतरवावाच लागतो. त्याच वर्षी, मे महिन्यात, टाटा एस बाजारात आली, जेमतेम पाऊण टन माल नेणारी. आपला 'छोटा हत्ती'.

मग जुलै २०१८मध्ये सरकारनेच मर्यादा वाढवली. १०.२चे ११.५ टन, १६.२चे १८.५ टन. भाऊ लगेच म्हणाला, "बघ, सरकारनेच वाढवलं ना!" गंमत इथेच आहे. ती रस्त्याची मर्यादा होती. आपल्या पिकअपचा एक्सल ११.५ टनांच्या आसपासही जात नाही. पिकअपचा आकडा ठरतो तो कंपनीने चाचणी करून घेतलेल्या एक्सल, चेसिस, टायर आणि ब्रेकवरून. त्यामुळे २०१८च्या वाढीतून पिकअपला काहीच मिळालं नाही.

पाटे वाढवले की गाडी बसत नाही, एवढंच. ब्रेक तेच राहतात. आमच्या क्षेत्रात सर्व्हर तोच ठेवून फक्त धोक्याची सूचना बंद करावी, तसं हे. गाडी बसणं हीच ती सूचना होती. ट्रॉलीचंही तेच. कायद्याने ट्रेलरलाही स्वतंत्र नोंदणी लागते, आणि बिनब्रेकची ट्रॉली उतारावर पिकअपला मागून ढकलते.

कायदाही आता स्पष्ट आहे. कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने ९ जानेवारी २०१९ला केरळच्या एका प्रकरणात सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत ओव्हरलोडचा मूळ दंड २,००० वरून २०,००० रुपये झाला, आणि वर दर जादा टनाला २,००० रुपये.

पण मी भावाला दंड सांगितला नाही, घाट सांगितला. शिरपूरहून सेंधव्याला जाताना गाडी रिकामी असते, तेव्हा बिजासन घाट चढायचा. येताना भरलेल्या गाडीने तोच उतरायचा. वजन दीडपट झालं, की तेवढ्याच उतारावर ब्रेकना जवळपास दीडपट उष्णता पचवावी लागते. ४ जुलै २०२३ला याच रस्त्यावर, पळासनेरजवळ, मध्य प्रदेशकडून येणारा कंटेनर गाड्यांना धडकून हॉटेलात घुसला. ब्रेक निकामी झाल्याचं तेव्हा बातम्यांत आलं. किमान १० माणसं गेली. त्या कंटेनरमध्ये किती वजन होतं, हा आजचा मुद्दा नाही. उतारावर ब्रेक गेले, की पुढे काय होतं, ते आपल्या तालुक्याने पाहिलंय.

भाऊ गप्प बसला. मग म्हणाला, "दोन खेपा केल्या तर डिझेल तू भरशील का?" खरं सांगतो, याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. भाडं पोत्यावर मिळतं, आणि नियम पाळणाऱ्याचीच खेप महाग पडते. हा प्रश्न १९३९पासून कुठल्याच कायद्याने सोडवलेला नाही.

सध्या तो ३२ पोती भरतो आणि निघण्याआधी वजनकाट्याची पावती घेतो. पाटे वाढवले नाहीत. महिन्याला थोडं कमी उरतं, असं काकू सांगत होत्या. पण ढेप आणायला गेला, की आता त्या रात्री जागत बसत नाहीत.

तुमच्या गाडीची आरसी काढा, आकडा बघा. भेटू पुढच्या भागात.