उलट्या प्रयोगाची गोष्ट

पाण्यातून वीज सोडली की एका नळीत हायड्रोजन आणि दुसरीत ऑक्सिजन जमतो, हा प्रयोग आपण बहुतेकांनी शाळेत पाहिला असेल. मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत असताना एका विद्यार्थिनीने विचारलं होतं, "सर, हे दोन वायू परत एकत्र आणले, तर घातलेली वीज परत मिळेल का?" मी म्हटलं, "मिळेल, पण सगळी नाही." आणि अभ्यासक्रमात नाही म्हणून पुढच्या धड्याकडे वळलो. ती चूक मला आजही टोचते. कारण त्या प्रश्नामागे मोठा इतिहास आहे.

१८३९ साली विल्यम ग्रोव्ह या वेल्श गृहस्थांनी नेमका हाच उलटा प्रयोग केला. गंमत म्हणजे ते पेशाने वकील, पुढे न्यायाधीशही झाले. त्यांनी सौम्य गंधकाम्लात प्लॅटिनमच्या पट्ट्या ठेवून एकीला हायड्रोजन आणि दुसरीला ऑक्सिजन पुरवला, तर तारेतून वीज वाहू लागली. त्याच सुमारास स्वित्झर्लंडमध्ये बाझल विद्यापीठाचे प्राध्यापक शोनबाइन यांनाही हाच परिणाम दिसला होता. इंधन-घटाचा जन्म तो हा. यात इंधन जाळायचं नाही. रासायनिक क्रियेतून थेट वीज घ्यायची. मागे उरतं ते पाणी.

१८९४ मध्ये लाइपझिग विद्यापीठाचे प्राध्यापक ओस्टवाल्ड यांनी सांगितलं, की कोळसा जाळून वाफेवर यंत्र चालवण्यात बरीचशी ऊर्जा वाया जाते. भविष्य अशा घटांचं आहे. पण प्लॅटिनम महाग आणि वीज थोडी. शिवाय डायनॅमो आला होता. मग या घटाकडे कोण बघणार?

बघणारा एक निघाला, फ्रान्सिस टॉमस बेकन. केंब्रिजमध्ये शिकलेला हा इंजिनियर एका टर्बाइनच्या कारखान्यात नोकरीला होता. १९३२ मध्ये हायड्रोजनविषयीचे लेख वाचून त्याच्या डोक्यात हे खूळ शिरलं. कारखान्यातच तो गुपचूप प्रयोग करू लागला. वरिष्ठांना कळल्यावर नोकरी की प्रयोग, असा पेच आला आणि त्याने नोकरी सोडली. १९४६ पासून केंब्रिज विद्यापीठाने त्याला जागा दिली. प्लॅटिनमऐवजी निकेल आणि आम्लाऐवजी पोटॅशियम हायड्रॉक्साइड, ही त्याची वाट. मध्यंतरी निधी आटला, काम खोळंबलं, पुन्हा सुरू झालं. अखेर १९५९ मध्ये त्याने ५ किलोवॅटचा संच चालवून दाखवला. त्यावर करवत चालली, वेल्डिंग झालं. १९३२ ते १९५९, म्हणजे सत्तावीस वर्षं!

पुढे अमेरिकन कंपनीने त्याचे हक्क घेतले आणि त्यावर आधारलेले घट अपोलो यानांत बसले. चंद्रावर निघालेल्या अंतराळवीरांना वीज तर मिळालीच, शिवाय प्यायला पाणीही याच घटांतून मिळालं.

आज हा विषय आपल्या दाराशी आला आहे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि केपीआयटी यांनी मिळून तयार केलेली हायड्रोजन इंधन-घटावरची बस दाखवण्यात आली. अडचणी मात्र संपलेल्या नाहीत. जगातला बहुतेक हायड्रोजन अजून नैसर्गिक वायू व कोळशापासूनच बनतो, तो साठवणं जिकिरीचं आहे, आणि वाहनांतल्या घटांना महागडा प्लॅटिनम अजून सुटलेला नाही.

या अडचणी सोडवायच्या तर विद्यापीठांतच माणसं घडावी लागतील. पण आपण संशोधकाला दोन-तीन वर्षांचा प्रकल्प देतो आणि लगेच विचारतो, उपयोग काय? बेकनला हे विचारलं असतं, तर पहिली वीस वर्षं त्याच्याकडे दाखवण्यासारखं फारसं नव्हतं.

माझ्या त्या विद्यार्थिनीला वीस वर्षंही नको होती. दोन नळ्या, बॅटरी काढून जोडलेला एक मापक आणि तासातली पंधरा मिनिटं पुरली असती. शिक्षक मित्रांनो, तुमच्या वर्गात कोणी हा प्रश्न विचारला, तर धडा थोडा थांबवा आणि काटा हलताना तिला दाखवा.