दिनविशेषाची कुळकथा

गोरेगावातल्या एखाद्या मराठी शाळेबाहेर सकाळी उभं राहिलं की परिपाठ ऐकू येतो. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार होतात आणि मग सहावी-सातवीतलं एखादं पोर दिनविशेष घडाघडा वाचून टाकतं. अमुक साली अमक्याचा जन्म, तमुक साली तमका शोध. हे इतकं अंगवळणी पडलंय की पूर्वापार चालत आलं असावं असं वाटतं. पण तसं नाही.

आपल्याकडे दिवस लक्षात राहायचा तो तिथीने, आणि तोही काहीतरी करण्यासाठी: श्राद्ध, उत्सव, जत्रा. रामनवमीला राम कोणत्या साली जन्मला हे कुणी विचारत नाही. दुपारी बारा वाजले की पाळणा हलतो. सालाची गरज पडायची ती राज्यकारभाराला आणि वतनाला. म्हणून देशमुख घराण्यांच्या दप्तरांत शकावल्या सापडतात. शक, संवत्सर, मास, पक्ष, तिथी आणि त्यापुढे त्या दिवशी काय घडलं याची एखादी कोरडी ओळ. ना अलंकार, ना कौतुक. आजच्या दिनविशेषाचे खरे आजोबा मी या शकावल्यांनाच मानतो. फरक एवढाच की शकावली सालांच्या क्रमाने पुढे सरकते. दिनविशेष एकाच तारखेवर वेगवेगळी शतकं रचतो.

ही रचना आली इंग्रजी तारखेबरोबर. लंडनमध्ये विल्यम होन याने १८२५ पासून वर्षातल्या एकेका दिवसाची माहिती अंकांतून छापली. रॉबर्ट चेंबर्सचं ‘बुक ऑफ डेज’ १८६४ पर्यंत पुरं झालं. आपल्याकडे कचेऱ्या, शाळा, वर्तमानपत्रं तारखेवर चालू लागली तेव्हा जुन्या तिथ्यांना तारखेत बसवणं आलं. ते काम किचकट. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी रॉबर्ट सेवेल यांच्यासह १८९६ मध्ये तिथी-तारखांचा मेळ घालणारी कोष्टकं छापली, ती संशोधकांच्या रोजच्या वापरातली झाली.

सगळ्यात मोठा गुंता झाला शिवजन्माचा. बखरींच्या आधारे वैशाख शुद्ध २, शके १५४९, म्हणजे १६२७ साल, धरलं जात असे. मग भोर भागातल्या कारीच्या जेध्यांची शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ मध्ये त्यांनी ती प्रसिद्ध केली. तिच्यात तिथी निघाली फाल्गुन वद्य ३, शके १५५१, शुक्रवार. तारीख बसली १९ फेब्रुवारी १६३०. पुढे वाद बरीच वर्षं चालला; अखेर शासनाने ही तारीख मान्य केली. तरी आजही तारखेची एक आणि तिथीची एक अशा दोन शिवजयंत्या होतात.

गंमत पुढेच आहे. ही १९ फेब्रुवारी जुन्या, ज्युलियन गणनेतली. आपल्या भिंतीवरचं कॅलेंडर ग्रेगोरियन. त्याप्रमाणे तो दिवस १ मार्च येतो. राज्याभिषेकाची ६ जूनही तशीच, दहा दिवस मागची. म्हणजे तारीखवाले काय, तिथीवाले काय, ‘अचूक दिवस आमचाच’ असं म्हणताना दोघांनीही आवाज जरा खाली ठेवावा.

जवळच्या काळात तरी तारीख पक्की असते का? गोरेगावच्या चित्रनगरीला ज्यांचं नाव आहे त्या दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ २१ एप्रिल १९१३ ला निमंत्रितांना दाखवला गेला आणि ३ मेला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लोकांसाठी लागला. दिनविशेषात बहुतेकदा ३ मे येते. योग्यच आहे, तिकीट काढून माणसं आली तो दिवस मोठा. पण ही निवड आहे, कुणीतरी केलेली.

आणि निवड करणारे आजवर बहुतेक गोरेगावबाहेरचे. शाळा तयार पुस्तिकेतून किंवा मोबाइलवर आलेल्या यादीतून उतरवून घेतात. मग २४ जूनला, म्हणजे १९२८ साली मृणाल गोरे जन्मल्या त्या दिवशी, त्यांच्याच गोरेगावात ‘पाणीवाल्या बाई’चं नाव निघेलच असं नाही. ४ मार्च १९५१ ला पंडित नेहरूंनी आरे दूध वसाहतीचं उद्घाटन केलं, रोप लावलं. शहरातले म्हशींचे तबेले इकडे हलवून मुंबईला स्वच्छ दूध पुरवण्याची ही योजना दारा खुरोडी यांनी उभी केली. ही ओळ स्थानिक फळ्यावर हवीच.

त्याच फळ्यावर आरेची दुसरी नोंदही लिहावी लागेल. ४ ऑक्टोबर २०१९ ला उच्च न्यायालयाने झाडं वाचवण्याच्या याचिका फेटाळल्या, त्याच रात्री मेट्रो कारशेडसाठी तोड सुरू झाली; ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने ती थांबवली, तोवर दोन हजारांहून अधिक झाडं गेली होती. यातली कोणती तारीख घ्यायची, यावर शिक्षकांच्या खोलीत एकमत होणार नाही. मी ४ ऑक्टोबर घेईन.